आवतण दिलेला कॉम्प्युटर

माझ्या बायकोकडे साड्या किती हे मला माहीत नाही, आणि ती मोजू देणार नाही. माझ्या कॉम्प्युटरकडे मात्र कपड्यांचे एकशे चौदा जोड होते. कपडे म्हणजे थीम. पडद्यावरचं चित्र, त्यावरचे आयकॉन, माऊसच्या बाणाचा आकार, कॉम्प्युटर उघडताना आणि मिटताना होणारा आवाज, हे सगळं एका दमात बदलून टाकणारा पोशाख. माणूस सकाळी आंघोळ करून सदरा बदलतो, तसा मी दुकान उघडून कॉम्प्युटरचा सदरा बदलायचो. आंघोळ कधी राहून जायची, थीम राहिली नाही.

जवळा बाजारला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शाळा-कॉलेजचे फॉर्म, आधारची दुरुस्ती, जे म्हणाल ते. पण फॉर्म हा पोटाचा धंदा, जीव सगळा थीमवर. एका मे महिन्यात मी बर्फाची थीम लावली. पांढरे डोंगर, वरून बर्फ भुरभुरतोय. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि माझ्या दुकानात माणसं हात चोळत बसली होती. एकानं पंखा बंद करायला लावला. दुसरा म्हणाला, "पिण्याचं पाणी कोमट हाय का?" माठातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ आला होता असं मी म्हणत नाही, पण तांब्या बुडवताना कर्रकन आवाज आला होता, तो मी या कानांनी ऐकलाय.

समुद्राची थीम लावली तेव्हा पेन्शनच्या कामाला आलेल्या एका म्हातारीनं पडद्याकडं पाहिलं आणि लुगडं घोट्याच्या वर धरून, पाय वर घेऊन बाकड्यावर बसली. "भिजंल बाप्पा," म्हणाली. काम होईपर्यंत पाय खाली टेकवले नाहीत. वाघाची थीम तर तीन दिवसांत काढावी लागली. अंगठ्याचं मशीन पडद्याखालीच होतं, आणि वाघाच्या जबड्याखाली अंगठा द्यायला एक माणूस तयार होईना.

बायको दुकानाच्या मागच्या खोलीतून हे सगळं ऐकायची. "अवो, त्या डबड्याला रोज नवं, अन् मला वर्षाला एक. त्याच्याशीच लगीन करायचं व्हतं."

"तुझी थीम मला पहिल्यापासून आवडलीय, बदलायची गरजच न्हाई," मी म्हणायचो. मग त्या दिवशी भाजीत मीठ नसायचं, किंवा दोनदा असायचं.

माझ्या शेजारी चाचांचं दुकान. चाचा बैलांचा साज विकतात. घागरमाळा, गोंडे, शिंगांच्या टोकाला बसवायच्या पितळी शेंब्या, आरसे लावलेल्या झुली. वर्षभर त्यांच्याकडे दोन कासरे आणि एक वेसण विकली जाते, आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दुकानात मुंगी शिरायला जागा नसते. त्या आठवड्यात माझ्या थीमकडे कुत्रं फिरकत नाही. माणूस फॉर्मवर सही करतो आणि मान चाचांच्या गोंड्यांकडे वळलेली. एकानं तर अशी मान वळवून दुसऱ्याच्या फॉर्मवर सही केली.

मला ते सहन झालं नाही. मी ठरवलं, यंदा पोळ्याला आपला कॉम्प्युटर असा सजवायचा की खऱ्या बैलानं लाजून गोठ्यात तोंड लपवावं.

पंधरा दिवस मी खपलो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो, "फॉर्म मागून भरू, आधी बैलाचा फोटो दाखवा." आमच्याकडे माणसाच्या मोबाईलमध्ये बायकोचा एक फोटो आणि बैलाचे चाळीस सापडतात, त्यामुळं अडचण आली नाही. प्रत्येकाच्या कागदपत्रांचं जे फोल्डर होतं, त्याच्यावर मी त्याच्याच बैलाचा फोटो आयकॉन म्हणून चिकटवला. पडद्यावर बैलच बैल, एकूण त्रेचाळीस. कचऱ्याच्या डब्याचा उकिरडा केला. बाणाच्या जागी चाबूक. माऊस हलवला की चाबूक लवलवायचा आणि क्लिक केलं की फाट् आवाज यायचा. कॉम्प्युटर सुरू होताना घागरमाळ वाजायची आणि काम फत्ते झालं की तो हंबरायचा. आयकॉनच्या खाली नावं असतात, ती फार वाईट दिसत होती. सजवलेल्या बैलाच्या पोटाखाली कुणी मालकाचं नाव टांगतं का? एका व्हिडिओत युक्ती पाहिली आणि सगळी नावं गायब केली. बायको म्हणाली, "मंग कुणाचं काय कुठं हाय ते कसं कळंल?" मी म्हणालो, "मालक बैल वळखत न्हाई व्हय?" मालक मी नव्हतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

चाचांना दाखवलं. चाचा बराच वेळ चष्मा वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, "अंदर से तो दूल्हा बन गया. ऊपर से नंगा काइकू रखा?" आणि स्वतःच्या दुकानातून साज घेऊन आले. पडद्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याची शिंगं, त्यांना बेगड, टोकाला शेंब्या. मधोमध, बैलाच्या कपाळावर बांधतात ती आरशांची मठाटी. खालच्या डब्यावर लहान वासराची झूल. माऊसच्या वायरीला गोंडा. मी सांगतो, औंढ्यापासून वसमतपर्यंत त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरइतका देखणा बैल नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला माझ्या जिभेनं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे खांदमळणी असते. बैल धुवायचे, वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची, आणि त्याच्या कानाशी जाऊन बोलायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एवढं म्हटलं की तो तुमचा पाहुणा. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, मारायचं नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही. मी तर बैल नसलेला माणूस. पण दुकानासमोर पंधरा माणसं जमलेली पाहिली आणि माझ्या अंगात आलं. पळसाचं पान आणलं, पडद्याच्या मागच्या बाजूला तूप-हळद चोळली, आणि वाकून, चांगला खणखणीत आवाज काढून आवतण दिलं. पंधराच्या पंधरा माणसं पोट धरून हसली. चाचा तर भिंतीला टेकले. ते पंधराही लोक पुढे साक्षीला उपयोगी पडले, सगळे माझ्या विरुद्ध.

पोळ्याच्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला जवळच्या तांड्यावरची एक पोरगी धावतच दुकानात आली. मागून तिचा आजा, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. ती त्याला दादा म्हणायची. तांड्यावर आजाला दादाच म्हणतात, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

"काका, लवकर. नर्सिंगचा फॉर्म. पाचला बंद होतोय."

मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी तिचे सगळे कागद मी स्कॅन करून ठेवले होते. मग घरात हो-नाही चाललं होतं. पोरीनं परगावी राहून शिकायचं की नाही यावर तांड्यातल्या प्रत्येकाचं एक मत होतं आणि काही जणांची दोन. शेवटचा शब्द दादांचा, आणि दादा आठ दिवस काही बोललेच नाहीत. त्या दिवशी दुपारी बैल सजवताना बोलले, "भर." एवढंच. ती घरातल्या बाकीच्यांना कळायच्या आत निघाली होती. आज राहिलं तर वर्ष गेलं, आणि वर्षभरात घरातली मतं किती वाढतील ते देवालाच ठाऊक.

दादांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. आत आले. माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. शेंबीला हात लावला, झुलीचा काठ बोटांनी चाचपला, मठाटी नीट मधोमध आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. मग हात जोडले. माझी छाती दोन इंच फुगली.

"पोळ्याचा हाय व्हय?"

"व्हय दादा. सगळ्या बाजारात असा दुसरा न्हाई."

"आवतण दिलं का?"

"दिलं ना! काल सांजच्याला. तुपा-हळदीसकट."

दादांनी मान हलवली, अगदी समाधानानं. "चांगलं केलं." आणि पोरीकडं वळले, "चल छोरी. आज ह्याला काम न्हाई सांगायचं. उद्या येऊ."

मला वाटलं गंमत करून राहिले. पोरीला लगेच कळलं की गंमत नाही. तिचा चेहराच उतरला.

"दादा, ह्यो बैल न्हाई. मिशीन हाय."

"आवतण दिलंय ना?"

"ह्यांनी हसण्यावारी दिलं!"

मीही लगेच म्हणालो, "व्हय दादा, आपली अशीच गंमत..."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वासरू चुकीच्या गोठ्यात शिरल्यावर बघतात तसं. "तुला कुणी जेवायला बोलावलं, अन् दारात गेल्यावर कुऱ्हाड हातात देऊन लाकडं फोडायला लावली, तर ती गंमत व्हईल का?"

मी मठाटीवरची नसलेली धूळ पुसायला लागलो.

"आमच्या आज्या-पणज्यानं बैलावर मीठ न्हेलं, दाणा न्हेला," दादा म्हणाले. "सगळा मुलूख हिंडले. पण पोळ्याला बैलाच्या पाठीवर गोणी न्हाई टाकली. पोटाला न्हवतं तवाबी न्हाई. अन् आता माझ्या नातीसाठी मी परक्याचा बैल जुंपू?"

पोरगी माझ्याजवळ सरकली आणि दातांतून म्हणाली, "काका, तुमाला ह्ये सोंग करायला कुणी सांगितलं व्हतं?"

मी म्हणालो, सोप्पं आहे, सगळा साज उतरवतो. शिंगाला हात घातला तोच शेजारून चाचा ओरडले, "तौबा! पोळे के दिन झूल उतारेगा? मेरे हात का साज?" तोवर चाचांच्या दुकानातली गर्दी माझ्या दुकानात आली होती. सगळ्यांनी मिळून मला हातानं धरून बाजूला केलं. पोळ्याच्या दिवशी अंगावरची झूल उतरवण्याइतकं वाईट काही नाही, यावर गर्दीचं एकमत झालं. त्यानंतर कशावरही झालं नाही.

अर्धे म्हणत होते, हा बैल नाही. अर्धे म्हणत होते, आवतण ते आवतण.

"ह्याला शेपूट कुठंय?" एकानं विचारलं.

"ही वायर काय हाय मंग?"

"पाय?"

"टेबलाचे चार मोज."

"शेण?"

त्यावर कुणीतरी प्रिंटरखाली पडलेल्या माझ्या वाया गेलेल्या कागदांच्या ढिगाकडं बोट दाखवलं, आणि बैलाची बाजू एकदम बळकट झाली.

पोरीनं मोबाईल काढला. त्यावर फॉर्म अर्धाच उघडायचा आणि नुसतं चाक फिरत राहायचं. गावातली बाकी दोन दुकानं पोळ्याची बंद. हिंगोलीला जावं तर रस्त्यावर गावोगावचे बैल निघालेले. आणि कागद सगळे माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात. साडेतीन वाजले. ती बाकड्यावर बसली, दोन्ही हात कपाळाला लावून. रडेल असं वाटलं. रडली नाही, विचार करत होती.

"दादा," ती म्हणाली, "पोळ्याला बैल दिवसभर दावणीलाच असतो का?"

"न्हाई. मिरवतोय की. मारुतीला जातोय."

"चालत?"

"मंग काय डोक्यावर घेऊन न्हेतेत?"

"म्हंजी चालणं ह्ये काम न्हाई."

"न्हाई."

"वझं वढणं ह्ये काम."

"व्हय."

"काका," ती माझ्याकडं वळली, "माझ्या फॉर्मचं वजन किती?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं. "शून्य."

"दादा, ह्यो रिकामा चालत जाईल. कॉलेजच्या दारात पाया पडंल अन् माघारी येईल. पाठीवर काहीच न्हाई."

दादांनी काठीवर हनुवटी टेकली. मी सांगतो, एवढा वेळ कुठल्या कोर्टानं घेतला नसेल. बाहेर ढोल सुरू झाला होता. शेवटी दादा म्हणाले, "चालंल. पण जू न्हाई. अन् चाबूक न्हाई."

"न्हाई न्हाई, चाबूक कशाला," म्हणत मी घाईघाईनं खुर्चीत बसलो आणि सवयीनं माऊसला हात घातला. पडद्यावर चाबूक लवलवला. क्लिक झालं.

फाट्!

दादांची काठी टेबलावर अशी आदळली की एक शिंग तिरपं झालं. "आत्ता काय बोललो मी?"

चाचांनी माऊस ओढून काढला, गोंड्यासकट, आणि स्वतःच्या खिशात टाकला. "अब कैसे मारेगा मार," म्हणाले.

इथं मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जी मी बायकोपासूनही लपवून ठेवली होती. माऊसशिवाय मला कॉम्प्युटरमधलं काहीही येत नाही. गावात मी कॉम्प्युटरचा बाप म्हणून मिरवतो, पण माऊस काढून घेतला तर मी आणि ती म्हातारी, दोघंही बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेले. मी कळफलकावर चार-पाच बटनं दाबून पाहिली. कॉम्प्युटर एकदा हंबरला, बाकी काही झालं नाही.

"उठा," पोरगी म्हणाली.

"तुला येतंय?"

"आमच्या शाळेत कॉम्प्युटर व्हता, माऊस न्हवता. उंदरानं वायर खाल्ली व्हती. दोन वरीस बटनावरच शिकलो आमी."

ती बसली. बाणांची बटनं दाबली, तसा एकेका बैलाभोवती उजेड पडत चालला. एक, दोन, पाच, दहा. मग थांबली. "काका, माझं फोल्डर कोणतं?"

मी घसा साफ केला. "तांबड्या बैलाचं."

"अकरा तांबडे हायेत."

मागच्या खोलीच्या दारातून बायकोचा आवाज आला, "मी काय म्हणलं व्हतं?" भर गर्दीत म्हणाली.

दादांनी बंडीच्या खिशातून चष्मा काढला. तो एका बाजूला दोऱ्यानं कानाला बांधायचा होता, बांधला. पडद्याला नाक लावलं. "चल. एकेक करून दाखव."

आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, गर्दीतले काही लोक तर नक्कीच नाही. दादा एकेका बैलावर बोलत गेले. "ह्यो मागल्या उजव्यानं लंगडा. फोटू डावीकडून काढलाय, म्हणून दिसंना." गर्दीतला एक माणूस खाली बघायला लागला. "ह्याला चार दाती म्हणून, तरणा सांगून विकला, सहा दाती हाय." दोन माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "ह्यो ढवळा पोटभर खात न्हाई. मालक चिंगूस." "ह्यो नुसता शिंगानं मोठा, अंगात दम न्हाई, मालकावर गेलाय." माणसं हळूहळू मागं सरकायला लागली. ज्याचा बैल जवळ येईल तो दाराकडं. पोरगी म्हणत होती, "दादा, वेळ! साडेचार होतील," आणि दादा म्हणत होते, "बघू दे ना. उजवीकडं घे."

चौथ्या ओळीत दादा थांबले. आवाज बदलला. "ह्यो. कानाला खाच हाय बघ. आपला."

खाच माझ्या डोळ्यांना अजूनही दिसत नाही. पोरीनं एंटर दाबलं. तिची गुणपत्रिका, तिचे सगळे दाखले, एकाखाली एक.

चार वाजून वीस मिनिटं. तिनं फॉर्म उघडला. टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात उडी, नाव, टॅब, आईचं नाव, टॅब, जन्मतारीख, टॅब. प्रत्येक उडीला दादा मागून "हं... हं... सावकाश" म्हणत होते, आणि घाईत एखादा रकाना हुकला की "माघारी घे, माघारी, आसं." मी शपथेवर सांगतो, कॉम्प्युटर ऐकत होता. एरवी त्या फॉर्मला पान बदलायला पाव तास लागायचा. त्या दिवशी दादांनी "हं" म्हटलं की पान हजर.

एका ठिकाणी ती थांबली. कॉलेजं निवडायची होती, आपल्या पसंतीनं, एकामागोमाग एक. बटनावरची बोटं थांबली.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"पहिलं कोणतं टाकू?"

"कोणकोणतं हाय?"

"हिंगोली हाय. घरून येऊन-जाऊन व्हईल." ती पडद्याकडंच बघत बोलत होती. "नांदेडचं चांगलं हाय. पण तिथं होस्टेलला राहावं लागंल."

दुपारी दादा "भर" म्हणाले होते, पण कुठलं ते म्हणाले नव्हते. आठ दिवस तांड्यावर भांडण चाललं होतं ते नेमकं यावरच. बाहेर ढोल वाजत होता, तरी गर्दीतलं कुणी मिरवणुकीकडं गेलं नाही. मीसुद्धा तोंड मिटून होतो. याचे साक्षीदार आहेत.

दादांनी चष्म्याचा दोरा कानामागं नीट केला. "बैल रिकामाच चाललाय ना?"

"व्हय."

"मंग लांब जाऊ दे."

तिनं नांदेड पहिलं टाकलं. बटन जरा जोरातच दाबलं.

पाचाला आठ मिनिटं कमी असताना मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले. ते चाचांनी मोठ्यानं वाचले, तिनं टाकले, आणि शेवटचं एंटर दाबलं. कॉम्प्युटर हंबरला. असा हंबरला की बाहेर मारुतीकडं निघालेली सगळी मिरवणूक जागच्या जागी थांबली, आणि दोनशे बैलांनी एकदम माना वळवून माझ्या दुकानाकडं पाहिलं. एका बैलानं पायरीवर पाय ठेवला. दोनशे नसतील, पण पायरीवर पाय ठेवला आणि तिचा कोपरा उडवला हे खरं. त्याचा मालक अजून त्या पायरीच्या नुकसानीबद्दल माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलतो.

पोरगी खुर्चीतून उठली आणि दादांच्या पागोट्याला कपाळ टेकवून उभी राहिली. दादा म्हणाले, "मला काय, त्याला जेवू घाल."

माझ्या बायकोनं पुरणपोळीचं ताट आणलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या डबड्याकडे मायेनं बघत होती. पडद्यासमोर ताट ठेवलं, वर तूप घातलं. कॉम्प्युटरनं काही खाल्लं नाही, म्हणून मग मी खाल्लं.

महिनाभरानं यादी लागली. नांदेडला नंबर लागला. ती गेली त्या दिवशी दादा एकटेच माझ्या दुकानात आले. "ती ऱ्हाती ते घर दाखव," म्हणाले. मी होस्टेलचा फोटो शोधून काढला. तीन मजली, रंग उडालेली इमारत, वर काळी पाण्याची टाकी, समोर लोखंडी फाटक. दादांनी बराच वेळ पाहिलं. "ह्येच असू दे," म्हणाले.

तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरवर तेच आहे. एकशे चौदा जोड कपाटात पडून आहेत आणि माझा कॉम्प्युटर बारा महिने होस्टेलची इमारत नेसून बसलाय. एकदा मी दिवाळीची पणत्यांची थीम लावली, तर दादांनी दारातूनच काठी आपटली. दर बाजाराला येतात. पिशवी खाली ठेवतात, बाकड्यावर बसतात, चष्म्याचा दोरा बांधतात आणि पडद्याकडं बघत राहतात. कुणी फॉर्म भरायला आलं तर मी फॉर्म उघडतो, इमारत झाकली जाते, दादा थांबतात. फॉर्म मिटला की पुन्हा बघतात.

परवाच्या बाजाराला त्यांनी मला जवळ बोलावलं. बोट लावून दाखवलं. "ह्या मधल्या मजल्यावरची खिडकी बंद का हाय?"

ती खिडकी फोटोत पहिल्या दिवसापासून बंदच आहे. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो, डोळे बारीक करून पाहिलं.

"परीक्षा जवळ आली ना दादा. अभ्यास करून राहिली असंल."

"मंग बराबर," दादा म्हणाले, आणि आवाज होऊ नये म्हणून काठी हातात उचलून घेऊन दुकानाबाहेर गेले.